लाटसाहेबाच्या अंगणात

पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत बांधली गेली ती एका माणसाच्या राहण्यासाठी. पावसाळ्यात मुंबईची हवा सोसत नाही म्हणून गव्हर्नर पुण्याला मुक्कामाला येत, आणि पुण्यात त्यांच्या इतमामाला शोभेल असं घर नव्हतं. म्हणून बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, 1864 मध्ये, गणेशखिंडीच्या माळावर काम निघालं. जेम्स ट्रबशॉ या वास्तुविशारदाने कमानी दिल्या, ओवऱ्या दिल्या, लांबून नजरेत भरावा असा मनोरा दिला. खर्च हाताबाहेर गेला, त्यावरून टीका झाली, तरी घर उभं राहिलं. लाटसाहेबाचा बंगला ही पुण्याच्या लोकांनी रस्त्यावरून बघायची गोष्ट. आत जायचं तर निमंत्रणपत्रिका तरी हवी, नाहीतर हातात खुरपं तरी हवं.

आज त्या बंगल्याभोवतीच्या 411 एकरांत कुणीही शिरतं. सकाळी फिरायला येणारे पेन्शनर येतात, शेजारच्या वस्त्यांतली पोरं चिंचा पाडायला येतात, लग्नाआधीचे फोटो काढून घेणारी जोडपी येतात. आणि जून-जुलैच्या सुमाराला, पाठीवर सॅक आणि हातात पत्र्याची ट्रंक घेतलेली मुलं येतात, त्यांच्यासोबत धोतरातले, फेट्यातले, कधी नुसते गोंधळलेले वडील असतात. ट्रंका आता कमी झाल्या म्हणा. पण वडिलांचा गोंधळ तोच आहे.

विद्यापीठ 10 फेब्रुवारी 1949 ला सुरू झालं. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. बाळासाहेब खेरांच्या सरकारने गव्हर्नरचं घर विद्येला दिलं, ही मला स्वातंत्र्यानंतरच्या महाराष्ट्रातल्या सुंदर गोष्टींपैकी एक वाटते. एका माणसाचं घर बारा जिल्ह्यांच्या मुलांना मिळालं. राज्यपालांनीही नातं अगदी तोडलं नाही, कुलपती म्हणून त्यांचं नाव पदवीच्या निमित्ताने इथे येत राहतं. राहायला मात्र दुसरी माणसं आली.

या जागेची एक रात्र इतिहासात नोंदलेली आहे. 22 जून 1897. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव, बंगल्यात मेजवानी, रोषणाई. मध्यरात्री पाहुण्यांच्या गाड्या परतू लागल्या आणि गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. पुण्यात प्लेग होता आणि प्लेगच्या नावाखाली सोजिरांनी घराघरांत शिरून जो धुडगूस घातला त्याचा हा राग होता. शाळेत आपण इथपर्यंत शिकतो. शाळेत न जोडलेला दुसरा धागा असा, की त्याच वर्षी, त्याच प्लेगात, या रात्रीच्या तीन महिने आधी, 10 मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्यांना लागण झाली होती. रोषणाईच्या रात्री त्या बंगल्यात त्यांचं नाव कुणाच्या ओठावर असण्याचं कारणच नव्हतं. 2014 मध्ये विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं, 2022 मध्ये मुख्य इमारतीच्या आवारात त्यांचा पुतळा उभा राहिला. नाव बदललं तेव्हा कुरकूर झाली. कुरकुरीशिवाय पुण्यात पाटीसुद्धा बदलत नाही. पण ज्या घरात त्यांना कुणी बोलावलं नसतं ते घर आता त्यांच्या नावावर आहे, आणि तिथे कोण राहतं याचा विचार त्यांच्या नावाने करायला हवा.

माझे वडील धुळ्याच्या कॉलेजातून पदवीधर झाले तेव्हा धुळे जिल्हा पुणे विद्यापीठातच मोडायचा. साक्रीच्या आमच्या घरात भिंतीवर त्यांची पदवी टांगलेली आहे, तिच्यावर याच विद्यापीठाचा शिक्का. ते स्वतः मात्र गणेशखिंडीला कधी गेले नव्हते. 1990 मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघालं, धुळे-जळगाव तिकडे गेले. पुढे मी एम.ए.ला पुण्याला आलो तो बाहेरच्या विद्यापीठाचा विद्यार्थी म्हणून, मायग्रेशन सर्टिफिकेट आणि पात्रतेचा दाखला जोडून. घरी बसलेला बाप पुणे विद्यापीठाचा आणि पुण्यात आलेला पोरगा परका. खिडकीपाशी माझ्या पुढे एक उंच सुदानी मुलगा उभा होता. त्याच्या कागदांची चळत जाड होती, माझी पातळ. दोघांनीही ती छातीशी सारखीच धरली होती.

वसतिगृहात जागा लगेच मिळत नाही, हे तिथे राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. ज्याच्या नावावर खोली आहे त्याच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून राहणाऱ्याला वसतिगृहाच्या बोलीत पॅरासाइट म्हणतात. मीही काही काळ पॅरासाइट होतो आणि त्या काळाइतकं शिक्षण मला नंतर कुठल्याही वर्गात मिळालं नाही. खोली दोघांची. एक कंधारचा, बाप ऊसतोडीला जाणारा. दुसरा आसामातल्या लखीमपूरचा, बाप प्राथमिक शिक्षक. मधल्या फरशीवर मी. कंधारच्याकडे शेंगदाण्याची चटणी असायची, माझ्या डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा, आणि लखीमपूरच्या बाटलीत खोरिसा, म्हणजे आंबवलेला बांबूचा कोंब. बाटली उघडली की अख्ख्या मजल्याला कळायचं. पहिल्यांदा कंधारच्या गड्याने नाकाला रुमाल लावला. आठवडाभराने तो बोट बुडवून चाखू लागला. मग वरणात घालून बघितलं. मेसच्या वरणाला त्यापेक्षा चांगलं काही घडलं असेल असं मला वाटत नाही.

तो आसामी मित्र आमच्यापेक्षा शुद्ध हिंदी बोलायचा आणि आमच्या मराठीला हसायचा. कंधारची मराठी आणि साक्रीची मराठी यांच्यात त्याला दोन वेगळ्या भाषा ऐकू यायच्या. घरच्या फोनवर मी अहिराणी बोलायला लागलो की तिसरी. "तुम्ही लोक एका राज्यात कसे राहता?" असं त्याने एकदा विचारलं होतं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. हा प्रश्न आम्ही त्याला विचारायचा, अशी आमची समजूत होती.

संध्याकाळी मैदानावर वेगळाच नकाशा उमटायचा. क्रिकेटच्या बाजूला पुणे-नाशिक-नगरची गर्दी. फुटबॉलच्या बाजूला मणिपूर, मिझोराम, गोवा, सुदान, टांझानिया आणि कोल्हापूर. हो, कोल्हापूर. ज्यांना कोल्हापूरच्या पेठांचं फुटबॉलवेड माहीत नाही त्यांना याचं नवल वाटेल. शिवाजी पेठेतला एक गोलकीपर होता, त्याचा आवाज असा की मैदानाबाहेरचे लोक थबकायचे. तो सगळ्या जगाला मराठीतून शिव्या द्यायचा आणि सगळं जग त्याप्रमाणे पुढे-मागे सरकायचं. पंधरा दिवसांत त्या शिव्या टांझानियाच्या मुलांच्या तोंडी अशा बसल्या की रंकाळ्यावर नेऊन सोडलं असतं तर खपून गेले असते.

पुण्यात परदेशी विद्यार्थी येणं ही काही आजची गोष्ट नाही. सत्तरच्या दशकात इराणी मुलं मोठ्या संख्येने होती. 1979 च्या क्रांतीनंतर त्यांतल्या कित्येकांना परतावं की थांबावं हे कळेना. त्याआधी कितीतरी वर्षं दुसरे इराणी इथे येऊन चहाची दुकानं थाटून बसले होते. डेक्कनचं गुडलक 1935 पासूनचं. म्हणजे बन-मस्का खाणाऱ्या पुणेकराने इराणला घरातलं मानलं आणि शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या इराण्याकडे मात्र दाराच्या फटीतून बघितलं. मग येमेनी आले, अफगाण आले, इथिओपियाचे आले. कोंढव्यात अरबी पाट्या लागल्या. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्त्यांवर येणारी अफगाण मुलं-मुली तर पुण्याच्या बसथांब्यांवरचा नेहमीचा चेहरा झाली. ऑगस्ट 2021 मध्ये काबूल पडलं तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांच्या हातातल्या परतीच्या बेताला अर्थ उरला नाही. डिसेंबर 2022 मध्ये तालिबानने मुलींना विद्यापीठाची दारं बंद केली. ज्या विद्यापीठाला मुलींची शाळा 1848 मध्ये काढणाऱ्या बाईचं नाव आहे, त्याच्या बाकावर त्या वेळी अफगाण मुली बसलेल्या होत्या. यावर भाष्य करायची गरज नाही. मुली अभ्यास करत होत्या, सेमिस्टरची परीक्षा तोंडावर होती.

इथिओपियाच्या मुलांचं कालगणनेचं गणित मजेशीर. त्यांचं पंचांग आपल्या इंग्रजी सालाच्या सात-आठ वर्षं मागे चालतं आणि त्यांचं नवं वर्ष सप्टेंबरात लागतं, पुष्कळदा गणपतीच्याच दिवसांत. इराण-अफगाणिस्तानचा नवरोज मार्चच्या विषुवदिनाला, गुढीपाडव्याच्या आगेमागे. म्हणजे आवारात वर्षातून चार-पाच वेळा तरी नवं वर्ष सुरू होतं, आणि त्या सगळ्यांना परीक्षेचं वेळापत्रक एकच.

पण मला जिथे बसून राहावंसं वाटतं तो वर्ग पाली भाषेचा. त्या वर्गात म्यानमारचे भिक्खू येतात, थायलंड-व्हिएतनामचे येतात, कुणाचं चीवर किरमिजी, कुणाचं पिवळसर. आणि त्यांच्या शेजारच्या बाकावर येरवड्याची, पिंपरीची, दापोडीची आपली माणसं: निवृत्त परिचारिका, रेल्वेतले कारकून, नुकतं बी.ए. झालेली पोरं, ज्यांचे आजे-पणजे 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर होते. एका बाकावर जन्माने मिळालेला बुद्ध आणि दुसऱ्या बाकावर ठरवून घेतलेला बुद्ध. भिक्खूंना पाली तोंडपाठ, लहानपणापासून कानावर पडलेली. विभक्ती विचारल्या की त्यांची गडबड उडते. परिचारिका असलेल्या मावशींच्या वहीत विभक्तींचे तक्ते लाल-निळ्या शाईने आखलेले, पण उच्चार करताना त्या भिक्खूंच्या ओठांकडे बघतात. मधल्या सुट्टीत मावशी भिक्खूंना आंबेडकर समजावून सांगतात, भिक्खू त्यांना आपल्या गावातला विहार समजावून सांगतात, भाषा दोन्हीकडून तोडकीमोडकी. एकदा एका तरुण भिक्खूने विचारलं, तुमच्या घरी बुद्धाच्या शेजारी सूट घातलेल्या माणसाचा फोटो का असतो? मावशींनी उत्तर दिलं ते मला कळलं नाही, मी लांब होतो. एवढं दिसलं की भिक्खू वही काढून लिहून घेत होता.

गंमत अशी की या वर्गाकडे येणारी वाट उलट दिशेने आधीच मळलेली आहे. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या ओढीने घर सोडून निघाले, पुणं, काशी, नेपाळ करत 1902 मध्ये सिंहलद्वीपाला पोचले, तिथे भिक्खूंच्या पायाशी बसून पाली शिकले, आणि मग 1912 ते 1918 फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी ती शिकवली. खिशात पैसे नसताना केलेला तो प्रवास. आज बँकॉक-यंगूनची मुलं विमानाने येतात आणि ज्या गावाने कोसंबींकडून पाली घेतली त्या गावात बसून तीच पाली शिकतात.

बर्मा म्हटलं की इरावती कर्वे आठवणं अटळ आहे. त्यांचा जन्म 1905 चा, बर्मातल्या मिंजानचा, आणि नाव तिथल्या इरावती नदीवरून ठेवलेलं. सातव्या वर्षी शिकायला पुण्याला, हुजूरपागेत आल्या. पुढे 1928 मध्ये बर्लिनला गेल्या. तिथे त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर, वंशशास्त्राचे मोठे नाव, ज्यांच्या सिद्धांतांचा आधार पुढे नाझींनी घेतला. फिशर यांचं म्हणणं असं की माणसाच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतली असमानता वंशाशी जोडलेली आहे, आणि गोऱ्या युरोपीय कवट्यांत ती जास्त सापडेल, कारण बुद्धी तिकडे जास्त. चोवीस-पंचवीस वर्षांची ही पुण्याची बाई कवट्या घेऊन बसली, मोजत राहिली आणि तिने लिहून दिलं की असा काही संबंध सापडत नाही. गुरूच्या घरात बसून गुरूचं मोजमाप चुकीचं ठरवायचं, तेही तेव्हाच्या बर्लिनमध्ये. मग त्या परत आल्या, डेक्कन कॉलेजात आयुष्य काढलं, गावोगाव फिरून माणसांची डोकी मोजली, नात्यांची नावं गोळा केली, पुण्यातल्या मानवशास्त्राचा पाया घातला, आणि मधल्या वेळात स्कूटर चालवून सदाशिव पेठेला धक्के दिले. 'युगान्त'मुळे आपण त्यांना ओळखतो. मला त्यांची ती बर्लिनची कवट्यांची टेबलं जास्त आवडतात. माणसं वेगवेगळी का दिसतात याचा अभ्यास करायला गेलेली बाई, दिसण्यावरून माणसाची किंमत ठरत नाही हे मोजपट्टीने सिद्ध करून परत आली.

तरी किंमत ठरवायची सवय जात नाही. ती फक्त हुशार झाली आहे.

शहरातल्या एका संस्थेने एकदा 'विविधतेचा उत्सव' ठेवला होता. विद्यापीठातल्या मुलांना बोलावलं होतं. मंचावर केनियाची मुलं आपल्या पोशाखात आली, टाळ्या. व्हिएतनामची मुलगी आली, टाळ्या. मग नंदुरबारच्या धडगावकडची एक पावरा मुलगी चांदीचे दागिने घालून आली, त्यालाही टाळ्या, जरा जास्तच. कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टेबलापाशी ती आयोजक बाईंशी बोलत होती. बोलता बोलता तिचं एक क्रियापद पावरीच्या वळणाने गेलं. बाईंनी तिथल्या तिथे ते दुरुस्त केलं, हसून, मायेनेच, आणि म्हणाल्या, "पुण्यात आलीस ना, आता भाषा सुधार." थोड्याच वेळापूर्वी केनियाच्या मुलाच्या "धन्यवाद"वर त्याच बाई विरघळल्या होत्या.

मला वर्षानुवर्षं छळणारी गोष्ट हीच. लांबून आलेलं वेगळेपण आपल्याला पाहुणा म्हणून चालतं. त्याच्या उच्चारांत लय ऐकू येते, त्याच्या जेवणाला चव असते, त्याच्या दागिन्यांना कलाकुसर म्हणतात. जवळून आलेलं वेगळेपण मात्र दुरुस्तीला काढलेल्या सायकलसारखं बघितलं जातं. साक्री, कंधार, धडगाव, किनवट इथून आलेल्या मुलाला पुण्यात पहिली दोन वर्षं लागतात ती तोंड बंद ठेवायला शिकण्यात. वर्गात प्रश्न पडतो, पण 'न' आणि 'ण'ची भीती आधी उभी राहते. जर्मन विद्यार्थ्याचा 'ण' चुकला तर तो गोड, आमचा चुकला तर तो संस्कारांचा प्रश्न. मी बोलताना आजही एखादा शब्द गिळतो, आणि हे लिहिताना मला तो शब्द कुठला ते नक्की ठाऊक आहे.

या गोष्टीवर वर्गाच्या आत काम केलेली एक मोठी व्यक्ती याच आवारात होऊन गेली. समाजशास्त्राच्या प्राध्यापक शर्मिला रेगे. सावित्रीबाई फुल्यांच्याच नावाच्या स्त्री अभ्यास केंद्राच्या त्या प्रमुख होत्या. दलित, आदिवासी, खेड्यातली मुलं वर्गात गप्प बसतात ती त्यांच्यात काही कमी असतं म्हणून, हे त्यांनी मानलं नाही. वर्गालाच त्यांचं बोलणं ऐकण्याचं वळण नाही, असा त्यांचा रोख होता. 2010 मध्ये त्यांनी लिहिलेल्या एका लेखात जोतिरावांच्या 'तृतीय रत्न' नाटकाचं नाव घेऊन शिकवण्याची आख्खी पद्धतच उलटी-पालटी केली आहे: इंग्रजी येणाऱ्याने मराठीतून आलेल्याकडून शिकायचं, शिक्षकाने दोघांकडून. दलित स्त्रियांच्या आत्मकथनांना त्यांनी समाजशास्त्राचा पुरावा म्हणून वर्गात आणलं. 2013 मध्ये, पन्नाशीही गाठली नसताना, त्या गेल्या. त्यांच्या हाताखालून गेलेले विद्यार्थी आज खेड्यापाड्यांतल्या कॉलेजांत शिकवताना दिसतात. ते ओळखायची माझी एक खूण आहे. ते विद्यार्थ्याचं वाक्य मध्येच दुरुस्त करत नाहीत, पुरं होऊ देतात.

जयकर ग्रंथालयाच्या अभ्यासिकेत आंबेडकर जयंतीच्या निमित्ताने सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. जयंतीला डीजे लावणाऱ्यांवर अग्रलेख लिहिणाऱ्या किती जणांनी हा प्रकार पाहिला आहे, मला माहीत नाही. सकाळी लवकर मुलं बसतात आणि रात्री उशिरा उठतात. पुढ्यात पुस्तक, बाटलीत पाणी. त्यात सगळ्या जातींची पोरं असतात, एखादा परदेशीही. 'कमवा व शिका' योजनेतली मुलंही असतात. भाऊराव पाटलांच्या नावाच्या या योजनेत ती दिवसाचे काही तास कार्यालयात फायली लावतात, बागेला पाणी घालतात आणि त्या पैशावर महिना काढतात. गव्हर्नरच्या बागेला पाणी घालणारे हात आणि ग्रंथालयात बसणारे हात आता एकाच माणसाचे आहेत. लाटसाहेबाचा बंगला खऱ्या अर्थाने ताब्यात आला तो इथे, असं मी मानतो.

पण फाटकाबाहेर शहर आहे.

ऑगस्ट 2012 मध्ये ईशान्येकडच्या माणसांवर हल्ले होणार अशा अफवा मोबाईलवरून फिरल्या. बंगळुरातून हजारो लोक गाड्या भरभरून निघाले, पुण्यातूनही निघाले. पुण्यात काही जणांना मारहाण झालेलीच होती, त्यामुळे अफवेला नुसती अफवा म्हणायची सोय नव्हती. लखीमपूरच्या मित्राला घरून दर तासाला फोन येत होता. आम्ही त्याला स्टेशनवर सोडायला गेलो. कंधारचा गडी वाटेत एकही शब्द बोलला नाही. फलाटावर सामान असं होतं की माणसं परत येण्यासाठी चालली आहेत असं वाटू नये: पंखे, शेगड्या, गाद्यांच्या वळकट्या. मित्राने मात्र फक्त एक सॅक घेतली होती. "खोरिसाची बाटली ठेवलीय, सांभाळा," एवढं म्हणाला. महिन्याभराने तो परत आला. त्याला आम्ही कारण विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

परत आल्यावर त्याला वसतिगृह सोडायचं होतं, शिक्षण संपत आलं होतं, नोकरी लागली होती. आम्ही तिघं मिळून खोली शोधायला निघालो. हे शोधणं ज्यांनी केलं आहे त्यांना पुढचं सांगायला नको. फोनवर सगळं ठरतं. दारात गेल्यावर घरमालक आधी मित्राच्या डोळ्यांकडे बघतात, मग आमच्याकडे वळून विचारतात, "हे नेपाळचे का?" मग जेवणाचा विषय निघतो. मग पाहुणे येणार का. मग, सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात सहज, "आडनाव काय म्हणालात?" हा प्रश्न कंधारच्या गड्याला होता. त्याने आडनाव सांगितलं. घरमालकांना एकदम आठवलं की पुतण्या येणार आहे राहायला. पुण्याच्या घरमालकांचे पुतणे इतके आहेत की त्यांचं वेगळं विद्यापीठ काढता येईल. येमेनी मुलाला, काश्मिरी मुलाला, मुसलमान मुलीला, एकट्या राहणाऱ्या बाईला, मालेगावच्याला, मणिपूरच्याला, सगळ्यांना हा पुतण्या कधी ना कधी भेटलेला आहे. मे 2023 मध्ये मणिपूर पेटलं तेव्हा मैतेई आणि कुकी मुलं इथे एकाच आवारात होती. त्यांच्या घरांमध्ये हजारो कोसांवर भिंत उभी राहिली होती. पुण्यातल्या घरमालकाला ती दोघं एकसारखीच दिसत होती, आणि नकारही एकसारखाच मिळत होता.

विद्यापीठाने हे सगळे लोक गुणांच्या यादीवर, आरक्षणाच्या हक्काने, शिष्यवृत्तीच्या पत्रावर आत घेतले. आत त्यांच्यात सगळं आलबेल असतं असं मी म्हणणार नाही. गट पडतात, जातीचे पडतात, जिल्ह्याचे पडतात, निवडणुका आल्या की आणखी पडतात. पण एकाच मेसच्या रांगेत ताट घेऊन उभं राहिल्यावर दुसऱ्याच्या आईने काय पाठवलं आहे याची चौकशी होतेच. ती रांग विद्यापीठाने लावली. त्या रांगेतून बाहेर पडलेल्या माणसाला छप्पर देणं हे विद्यापीठाच्या हातात नाही. ते तुमच्या-माझ्या हातात आहे. माझ्याही, कारण आता सांगवीत माझी दोन खोल्यांची जागा आहे आणि वरची खोली भाड्याने जाते.

जूनपासून प्रवेश सुरू होतील. औंध, सांगवी, बोपोडी, खडकी, पाषाण या भागांत ज्यांच्याकडे खोली रिकामी असेल त्यांना सांगणं एवढंच: दारात उभ्या असलेल्या पोराला भाडं सांगा, अनामत सांगा, पाणी किती वाजता येतं ते सांगा, रात्री फाटक कधी लावता तेही सांगा. आडनाव करारावर लिहावं लागतंच, तेव्हा कळेल.